सर शेजारी बसले की

मैदानावरच्या पहिल्याच दिवशी एका सीनियर मुलीनं मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "सर ओरडले तर घाबरू नकोस. सर शेजारी येऊन बसले तर घाबर."

मला ते लगेच पटलं. मी मुळातच संशयी. आमच्या घरात हा गुण कांद्याबरोबरच पिकतो. चांदवडच्या लिलावात एखादा व्यापारी कांदा हातात घेऊन "वा, काय रंग आहे" म्हणाला, की वडील तोंडातल्या तोंडात पुटपुटायचे, "बघ, आता भाव पाडतो." आणि तो पाडायचाच. तेव्हापासून गोड बोलणारा माणूस भेटला की मी आधी त्याचे हात बघते, मग तोंड.

आमचे सर गोड बोलणाऱ्यांतले अजिबात नव्हते. नाशिकच्या त्या मैदानावर लांब पल्ल्याच्या मुली त्यांच्याकडे होत्या. गळ्यात शिट्टी, डोक्यावर उन्हानं विटलेली टोपी, आणि माणूस कायम उभा. नावं त्यांनी कधी घेतली नाहीत, गावावरून हाका मारायचे. "ए चांदवड, गुडघा वर! सुरगाणा, मान सरळ ठेव, खाली काय पैसे पडलेत?" मी चांदवड होते. माझ्या खोलीत राहणारी मुलगी सुरगाणा होती. सर ओरडत असले की आम्हाला बरं वाटायचं, कारण ओरडतायत म्हणजे आपण अजून त्यांच्या हिशेबात आहोत.

पण कधीतरी, सराव संपून आम्ही ट्रॅकच्या कडेला पाय ताणत बसलेलो असताना, सर चालत यायचे आणि एखादीच्या शेजारी चक्क खाली बसायचे. गवताची काडी तोडायचे. तिच्याकडे न बघता विचारायचे, "काय मग, घरी काय म्हणतायत?"

झालं! बाकीच्या आम्ही एकमेकींकडे बघायचो आणि पटकन नजर वळवायचो. आमच्यात याला 'चौकशी' म्हणायचे. घर कसं आहे, अभ्यास कुठवर आलाय, भावाचं लग्न ठरलं का, असलं सगळं. पळण्याबद्दल अवाक्षर नाही. नामपूरहून आलेल्या एका मुलीला त्यांनी विचारलं, "यंदा तुमच्याकडे पाऊसपाणी कसं आहे?" आठवड्याच्या आत तिनं खोली सोडली. तिच्या आधी एकीला आजीची तब्येत विचारली होती, तीही गेली. सर तोंडानं 'जा' म्हणत नाहीत, असं सीनियर मुली सांगायच्या. ज्या मुलीत पळणं उरलेलं नाही, तिलाच ते पळणं सोडून बाकीचं विचारतात. शहाण्या मुलीनं समजून घ्यायचं आणि गाशा गुंडाळायचा.

मला चौकशीची धास्ती इतरांपेक्षा जास्त होती, कारण माझी डावी नडगी दुखत होती. सुरुवातीला फक्त पळून झाल्यावर दुखायची. मग पळताना. मग जिना उतरतानाही. राज्य स्पर्धेची निवड तोंडावर आलेली. मी सरांना सांगितलं नाही, सुरगाणालाही नाही. चोरून नडगीवर मलम चोळायचे, पायजमा खाली ओढायचे आणि कुणाला वास आला की म्हणायचे, पाठ धरलीय.

का सांगितलं नाही, असं कुणी विचारलं तर आज हसू येतं. सांगून मी जाणार कुठे होते? आमच्या गावाच्या फाट्यावर माझा फोटो लावलेला फ्लेक्स होता. ऊन-वाऱ्यानं माझं नाक उडालं होतं, तरी गावानं तो काढला नव्हता. गावात मला कुणी नावानं ओळखत नव्हतं. "ती पळणारी" म्हटलं की लहान पोरंही घर दाखवायची. बाकीच्या मुलींच्या आया फोनवर आधी विचारायच्या, जेवलीस का. माझी आई विचारायची, "पळालीस का?" ती काही वाईट नव्हती हो. तिला वाटायचं, मी पळाले म्हणजे मी ठीक आहे. मलाही तसंच वाटायचं. पळणं काढून घेतलं तर खाली काय उरतं, हे बघायची माझी छाती नव्हती.

अशात मॅडम आल्या.

एका सकाळी सर त्यांना घेऊन मैदानावर उभे. कॉटनचा ड्रेस, खांद्याला झोळी, पायात चपला. ट्रॅकवर चपला घालून आलेली बाई बघूनच माझं डोकं फिरलं. सर म्हणाले, "या मॅडम दर आठवड्याला येतील. समुपदेशक आहेत. मनात काही असेल तर बोला त्यांच्याशी." एवढं बोलून त्यांनी अशी शिट्टी फुंकली की पुढे कुणी काही विचारू नये. मनाबद्दल सर बोलले, हेच आम्हाला नवीन होतं. मी सुरगाणाच्या कानात म्हणाले, "काहीतरी शिजतंय."

हर्डल्स ठेवायच्या खोलीत दोन प्लास्टिकच्या खुर्च्या टाकल्या आणि एकेकीला बोलवायला सुरुवात झाली. पहिली मुलगी आत गेली आणि बाहेर आली ती पांढरीफटक. आम्ही तिला घेरलं.

"काय विचारलं?"

"विचारलं, पळणं सोडून तुला काय आवडतं?"

ही तर सरळसरळ चौकशी! तीही खुर्चीवर बसवून, पंखा लावून. मला तर सगळा कट दिसायला लागला. सरांना वयानं खाली बसवत नसेल, गुडघे कुरकुरत असतील, म्हणून त्यांनी हे काम बाईकडे दिलं. निवडीच्या आधी कोण गळायला आलंय ते ही बाई गोड बोलून काढून घेणार.

मी तिथेच, पाण्याच्या टाकीमागे, सगळ्यांना तंबी दिली. "कुणीही काहीही सांगायचं नाही. विचारलं की म्हणायचं, काहीच नाही मॅडम, फक्त पळणं." आणि पोरींनी तसंच केलं. एक सोडून सगळ्यांनी तेच उत्तर दिलं. मॅडमना वाटलं असणार, इथे माणसं राहतात की घड्याळं.

माझी पाळी आली तेव्हा मी खुर्चीच्या टोकावर बसले.

"नाव काय तुझं?" मॅडमनी विचारलं.

"चांदवड."

त्या हसल्या. "गाव नाही गं, नाव."

नाव कशाला हवंय हिला, असं मनात आलं, पण सांगितलं. त्यांनी ते एकदा हळूच उच्चारून बघितलं. मला ते माझं वाटलंच नाही. मग झोप कशी लागते, भूक लागते का, असं विचारलं. मी सगळ्याला "छान" म्हणाले. त्यांच्याकडे वही नव्हती, पेन नव्हतं. लिहून घेत नाही म्हणजे डोक्यात ठेवते, म्हणजे आणखीच डेंजर. शेवटी झोळीतून डबा काढून त्यांनी शेंगदाण्याचा लाडू पुढे केला. मी घेतला आणि बाहेर येऊन कुत्र्याला घातला. कुत्र्यानं मिटक्या मारत खाल्ला. मला थोडा पश्चात्ताप झाला, लाडवाचा.

फक्त सुरगाणानं माझं ऐकलं नाही. ती आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि चेहरा मात्र धुतल्यासारखा हलका.

"काय बोललीस एवढं?" मी खेकसले.

"काय नाय. म्हटलं, झोप येत नाय. आणि म्हटलं, मला जीप चालवायला आवडेल."

"जीप?"

"आमच्याकडं सगळे जीपच्या टपावर बसून जातात. आई-बापू कामाला जायचे द्राक्षांच्या बागांत, तेव्हा मी टपावर. मला वाटायचं, एकदा आत बसून चालवावी."

मी कपाळाला हात लावला. "अगं बाई, तुला कळतंय का काय केलंस? हे सगळं आता सरांकडे जाणार."

ती म्हणाली, "मॅडम म्हणाल्या, इथलं बाहेर जात नाय."

"हो, व्यापारीही असंच म्हणतो," मी म्हणाले.

दोन दिवसांनी मी मॅडमना आणि सरांना मैदानाबाहेरच्या टपरीवर चहा घेताना बघितलं. सर काहीतरी सांगत होते, मान खाली घालून. मॅडम ऐकत होत्या. मी बाभळीच्या आडून बघत होते, पण सरांनी वर बघितलं आणि त्यांना मी दिसले. ते बोलायचे थांबले. मला आणखी काय पुरावा हवा होता?

आणि त्याच आठवड्यात ते घडलं. गंगापूर धरणाच्या रस्त्यावरचं लांब पळणं संपवून आम्ही मैदानावर परतलो होतो. सुरगाणा माझ्या शेजारी बसून बुटाची लेस सोडत होती. सर आले. मी पटकन डावा पाय दुमडून घेतला. सर माझ्यापुढून गेले आणि तिच्या पलीकडे खाली बसले. गवताची काडी तोडली.

"काय मग," ते म्हणाले, "घरी काय म्हणतायत?"

खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं. मग तिच्याकडे बघितलं. लेस तशीच हातात. ती म्हणाली, "बरं हाय सगळं." सर थोडा वेळ बसले, "हं" म्हणाले आणि उठून गेले.

खोलीवर आल्यावर तिनं कपडे पिशवीत भरले, दोरीवरचे टॉवेल काढले, भिंतीवर चिकटवलेला शर्यतीचा नंबर नखानं सोडवला. मी तिची गादी गुंडाळायला लागले. बांधायला सुतळी सापडेना, म्हणून आमची दोरीवरच्या उड्यांची दोरी वापरली, चांगल्या दोन गाठी मारून. सकाळी दिंडोरी नाक्यावर तिला सोडायला गेले. जीप भरत होती. तिनं ड्रायव्हरशेजारची जागा पकडली आणि गिअरच्या दांड्याकडे बघत बसली.

"फोन कर," मी म्हणाले.

"हो," ती म्हणाली. जीप गेली. मैदानावर सरांनी कुणाला काही विचारलं नाही. सुरगाणाची हाक त्या दिवसापासून बंद झाली.

मी मात्र आतून पेटले होते. मॅडम पुढच्या वेळी आल्या तर मी आत गेलेच नाही. दारातून म्हणाले, "तुमचं काम झालं ना? एक गेली. आता कोण?" मॅडम उठून उभ्या राहिल्या, "कोण गेलं?" म्हणाल्या. काय नाटकं करते ही बाई, असं मला वाटलं. मी पाठ फिरवून ट्रॅकवर गेले आणि रागारागात नेहमीपेक्षा जोरात पळायला लागले. वळणावर नडगीत काहीतरी कडकन झालं. मी पडले नाही, पण पुढचं पाऊल टाकता येईना. सरांची शिट्टी वाजली आणि मग वाजायची थांबली.

डॉक्टरांनी हाडाला चीर गेल्याचं सांगितलं. प्लास्टर. पळणं तर सोडाच, पाय टेकायचाही नाही. निवड गेली. आईला फोन केला तर ती आधी रडली, मग म्हणाली, "मग आता तू काय करशील?" हा प्रश्न तिनं प्रेमानंच विचारला होता. मी फोन ठेवून दिला, कारण मला तरी कुठे माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सर खोलीवर आले. सोबत मॅडम. सर नेहमीसारखे दारात उभे राहतील असं वाटलं, पण ते आत आले आणि सुरगाणाच्या रिकाम्या खाटेवर बसले. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, तोडायला गवत नव्हतं. खाटेच्या नवारीचा एक धागा ओढला.

"काय मग," ते म्हणाले, "घरी काय म्हणतायत?"

माझा तोल सुटला. "म्हणा ना सरळ!" मी ओरडले. सरांवर मी आयुष्यात पहिल्यांदा ओरडत होते. "जा म्हणायचंय तर जा म्हणा! घरी काय म्हणतायत, पाऊस कसा आहे, आजी कशी आहे, आडून आडून कशाला? पाय मोडलाय माझा, कान नाही. नामपूरला घालवलं, सुरगाणाला घालवलं, आता मी. या मॅडमना कशाला आणलंत सोबत? साक्षीदार म्हणून?"

सर माझ्याकडे नुसते बघत राहिले. मॅडमनीच विचारलं, "घालवलं म्हणजे काय?"

मग मी सगळं सांगितलं. चौकशी काय असते, कशी होते, नंतर काय करायचं असतं, मुलींनी मॅडमना तेच एक उत्तर का दिलं. सांगता सांगता मला रडू येत होतं आणि रडू येतंय याचाही राग येत होता. मॅडमनी डोक्याला हात लावला. "म्हणून सगळ्या काहीच नाही म्हणाल्या होय," असं त्या स्वतःशीच म्हणाल्या.

सरांनी हातातला धागा टाकला. मग म्हणाले, "मी आजवर एकाही पोरीला जा म्हटलेलं नाही."

"म्हणत नाही, विचारता," मी म्हणाले.

"अगं, विचारतो ते..." त्यांनी टोपी काढली. टोपीशिवाय सरांना मी कधी बघितलंच नव्हतं. केस सगळे पांढरे. "पोरगी बिघडल्यासारखी दिसली की विचारतो. तोंड उतरलेलं असतं, जेवत नाही, कुणाशी बोलत नाही. मला वाटतं विचारावं. पण मला पळण्याशिवाय काय विचारायचं ते जमत नाही. मग घरचं विचारतो. आणि विचारलं की ती पोरगी आठवड्यात निघून जाते. दरवेळी. मला वाटायला लागलं, माझ्या विचारण्यातच काही खोट आहे. म्हणून या मॅडमना म्हटलं, तुम्ही विचारा."

त्या टपरीवर ते मॅडमना हेच सांगत होते म्हणे. मला खरं वाटेना. अजूनही पूर्ण वाटत नाही. माणूस अडचणीत आला की गोष्ट छान जुळवतो, हे मी लिलावात पुष्कळ बघितलंय. मी विचारलं, "मग सुरगाणा गेली तेव्हा तिला फोन का नाही केलात?"

सर टोपीची कड चाचपत राहिले. "वाटलं, तिला नकोच असेल. मन भरलं असेल पळण्यानं. पळताना रडायची ती."

"रडायची?"

"शेवटच्या राउंडला रोज. तुला नाही दिसलं? तू तर तिच्या शेजारी पळायचीस."

मी तिच्या शेजारीच पळायचे. मला वाटायचं घाम आहे. बाहेर भाजीवाला ओरडत गेला, मेथी, कोथिंबीर. शेवटी सर उठले, दारापर्यंत गेले आणि परत फिरले. तोंड वाकडं करत, जणू कडू औषध घेतोय असं करून म्हणाले, "थांबायचंय तुला इथं. पाय बरा होईस्तोवर आणि नंतरही, पळालीस तर आणि नाही पळालीस तरी. कळलं का?" आणि मग, पहिल्यांदाच, माझं नाव घेतलं. चुकीचं घेतलं, शेवटचा काना खाल्ला. मी दुरुस्त केलं नाही.

मॅडम मागे थांबल्या. "आता तरी सांग," त्या म्हणाल्या. "पळणं सोडून तुला काय आवडतं?"

मी खूप विचार केला. "भांडायला," मी म्हणाले.

त्या मोठ्यानं हसल्या. डबा उघडून लाडू पुढे केला. या वेळी मी खाल्ला. गूळ जरा जास्त होता.

त्या गेल्यावर मी सुरगाणाला फोन लावला. रेंज लागत नव्हती, टेकडीवर गेल्याशिवाय त्यांच्याकडे लागत नाही. बऱ्याच वेळानं तिचाच आला. मागे माणसांचा कालवा होता. टेकडीवरच्या शेतात भाताची आवणी चालू आहे म्हणाली, चिखलात उभी आहे, पाठ मोडली. आवाज तोच, पण जरा लांबून आल्यासारखा.

मी तिला एका दमात सगळं सांगितलं. माझा पाय, सर खोलीवर आले, टोपी काढली, सगळं. सांगितलं की सरांनी तुला जा म्हटलंच नव्हतं. आपणच तसं धरून बसलो होतो. ती चौकशी नव्हती, अगं, ते नुसतं विचारत होते.

पलीकडून फक्त बायकांचं बोलणं ऐकू येत होतं. कोपऱ्यात तिची रिकामी खाट दिसत होती, आणि मला आठवत होतं की तिच्या गादीच्या दोरीला दोन गाठी मी मारल्या होत्या.

"हॅलो?" मी म्हणाले.

"हाय मी," ती म्हणाली. मग, अजिबात न चिडता, "मग मला थांब असं कोणी का नाय म्हटलं? तू तरी?"